मोठा एसी बसवला की काम झालं?

'दमट-उष्ण प्रदेशात हवेशीर हॉटेल म्हणजे फोटोपुरती हौस. पाहुण्याला शेवटी एसीच लागतो. मग सरळ काचेची बंद इमारत बांधा आणि दणदणीत एसी बसवा,' असा एक मजकूर सगळीकडे फिरतोय. त्यातलं निम्मं खरं आहे, म्हणून तो पटकन पटतो.

एसी लागतो, मान्य. पण कुठे? झोपायच्या खोलीत. कॉरिडॉरमधून माणूस जेमतेम मिनिटभर चालतो आणि तो चोवीस तास गार ठेवायचा! सिंगापूरच्या 'पार्करॉयल ऑन पिकरिंग' या हॉटेलमध्ये (२०१३; आता नाव 'पार्करॉयल कलेक्शन पिकरिंग') खोल्यांना एसी आहे. खोल्यांकडे नेणारे कॉरिडॉर मात्र झाडांच्या कडेने, उघड्या हवेतले. म्हणजे भांडण एसीशी नाहीच.

'काच भारी घेतली की ऊन अडतं.' थोडंफार अडतं. आतून पडदा ओढेपर्यंत बरीच उष्णता काच ओलांडून आलेली असते. मग पडदाच तापतो. ऊन बाहेरच अडवायला हवं. तेही नुसत्या छज्जाने भागत नाही, कारण पूर्वेचं-पश्चिमेचं सकाळ-संध्याकाळचं तिरपं ऊन छज्जाखालून आत शिरतं. म्हणून इमारतीच्या लांब बाजूंची तोंडं उत्तरेला आणि दक्षिणेला ठेवायची.

सगळ्यात फसवा मुद्दा दमटपणाचा: 'बंद इमारतीत ओल येत नाही.' बाथरूमचा एक्झॉस्ट सतत हवा बाहेर फेकतो. तेवढीच हवा कोरडी करून आत सोडली नाही, तर खोली ती फटींतून, भिंतीच्या पोकळीतून ओढून घेते. एसीने गार झालेल्या भिंतीच्या मागे त्या हवेला पाणी सुटतं. वरून विनाइलचा वॉलपेपर असेल तर ते पाणी वाळणार कुठून? कोपरा सोलून बघा, मागे काळी बुरशी. आणि तो दणदणीत एसी? तो खोली झटपट गार करून बंद पडतो. हवेतलं पाणी काढायला त्याला सवडच मिळत नाही. खोली थंडगार आणि चादर दमट, हा अनुभव त्यातूनच येतो.

(जाड दगडी भिंतींचा आग्रह धरणारेही इथे चुकतात. दमट हवेत रात्री पारा फारसा उतरत नाही, आणि दिवसभर तापलेली भिंत नेमकी पाहुणा झोपायला आला की उष्णता सोडू लागते.)

उघड्या कॉरिडॉरमध्ये तिरका पाऊस येतो, फरशी निसरडी होते, डास येतात. मजकूर लिहिणाऱ्याने हे मांडलं असतं, तर उत्तर देताना मला जरा अडखळायला झालं असतं.