वऱ्हाडी जिभेला इंग्रजी जड नाही

"मॅडम, हे खरं हाय का? मंग पोराशी घरी आपलं बोलनंच बंद करू का?"

कापसाच्या पहिल्या वेच्याचे दिवस होते. शाळा सुटल्यावर फाटकाशी एका पालकाने मला थांबवलं आणि मोबाईल पुढे केला. त्याचा मुलगा माझ्याकडे सातवीत आहे. तोच मजकूर मी त्याआधी तीन-चार ग्रुपवर पाहिला होता आणि दरवेळी वाचून सोडून दिला होता. ती माझी चूक झाली. कारण हा माणूस ते मनावर घेऊन आला होता.

मजकूर थोडक्यात असा: विदर्भातल्या खेड्यांतल्या मुलांना इंग्रजी बोलता येत नाही, कारण त्यांची बोली अशुद्ध आहे. ज्यांना 'शाळा' म्हणता येत नाही, 'शाया' म्हणतात, त्यांची जीभ इंग्रजीला वळणारच नाही. सात वर्षांच्या आत उच्चार बसले नाहीत तर पुढे कधी बसत नाहीत. इंग्रजी उच्चारांना नियम नाहीत, सगळं पाठच करावं लागतं. इंग्रजांसारखं बोलता आलं नाही तर नोकरी मिळत नाही. म्हणून आजपासून घरात वऱ्हाडी बंद करा.

मी बावीस वर्षं दारव्हा-दिग्रसच्या पट्ट्यात इंग्रजी शिकवते. यातलं एकेक वाक्य तपासून बघू.

'शाया' म्हणणाऱ्याची जीभ जड असते म्हणे. मुळात इंग्रजीत ळ हा ध्वनीच नाही. जो ध्वनी इंग्रजीला लागतच नाही, तो येत नाही म्हणून इंग्रजी येणार नाही, हा कुठला हिशेब? शिवाय आपल्याकडे शाळाची शाया, डोळ्याचा डोया, काळ्याचा काया होतो तो जीभ अडखळते म्हणून नाही. तो बोलीचा नियम आहे आणि तो ठरलेल्या जागी लागतो. लंडनच्या बोलीत 'मिल्क'मधला ल असाच विरघळून उ-सारखा होतो, ऐकायला 'मिउक' येतं. 'टॉक', 'वॉक', 'हाफ' यांच्या स्पेलिंगमध्ये एल आजही उभा आहे, पण पुस्तकी इंग्रजीनेसुद्धा तो बोलायचा सोडला. त्यावरून लंडनच्या पोरांची जीभ जड आहे असं कोणी म्हणत नाही.

उलट या पोरांच्या तोंडात काय काय आधीच आहे ते पाहा. 'चार बैल' म्हणताना च टाळूला लागतो आणि 'बैलाचा चारा' म्हणताना तो दातांमागे जातो. अक्षर एक, ध्वनी दोन, आणि पाच वर्षांचं पोर त्यात चुकत नाही. 'बाजार'मधला ज थोडा सैल सोडला, जीभ टेकवण्याऐवजी नुसती जवळ नेली, की इंग्रजीतला 'झू'चा ध्वनी मिळतो. इंग्रजीत सगळ्यांत जास्त वेळा येणारा स्वर म्हणजे 'अबाउट'मधला पहिला आणि 'कॉटन'मधला दुसरा, तो दबका स्वर. तो आपल्या साध्या 'अ'च्या अगदी शेजारचा आहे. तो शिकवायला मला कधी पाच मिनिटांवर वेळ लागला नाही.

आणि एक गोष्ट अशी आहे की तिथे आपला कान इंग्रजांच्या कानापेक्षा तयार आहे. मी वर्गात मुलांना सरकी काढलेल्या कापसाचं बोराएवढं पुंजकं तळहातावर ठेवायला सांगते आणि हात तोंडासमोर धरायला लावते. आधी आपल्या पद्धतीने 'पेन' म्हणा. कापूस जागचा हलत नाही. आता ओठ घट्ट मिटून, 'फळ' म्हणताना जुनी माणसं हवा सोडतात तशी सोडून म्हणा. पुंजकं उडतं. इंग्रज माणूस शब्दाच्या सुरुवातीचा प, ट, क असाच हवेसकट बोलतो. आपण तो कोरडा बोललो की त्याच्या कानाला 'पिन'ची 'बिन' ऐकू येऊ शकते. मग 'स्पिन' म्हणा. आता कापूस हलता कामा नये, कारण स-च्या मागे आलेल्या प-ला इंग्रज हवा देत नाही. हे दोन प वेगळे आहेत हे बहुतेक इंग्रजांना स्वतःला जाणवत नाही, कारण त्यांच्या भाषेत त्यावरून अर्थ बदलत नाही. आपल्याकडे 'पळ' आणि 'फळ' हे दोन शब्द आहेत, त्यामुळे आपल्या पोरांना तो फरक लगेच ऐकू येतो. मागच्या बाकावर बसणारी, वर्षभर तोंड न उघडलेली एक मुलगी त्या दिवशी सगळ्यांत आधी म्हणाली, "मॅडम, स्पिनमंधी हवा नाही ये." बरोबर होतं तिचं.

जड जातं ते काय, तेही प्रामाणिकपणे सांगते. व. आपल्या जुन्या बोलीत विहिरीची इहीर होते, विसाचे ईस होतात. इ-पुढे व टिकत नाही. इंग्रजीत तर दोन व आहेत. एकात वरचे दात खालच्या ओठावर टेकतात आणि भुंग्यासारखा आवाज निघतो. दुसऱ्यात दात लागतच नाहीत, शीळ घालताना करतो तसा ओठांचा चंबू होतो. मराठीत आपण पहिल्याला 'व्ह' आणि दुसऱ्याला 'व' लिहायची सोय केली आहे, पण ती सगळीकडे पाळत नाही. 'व्हॉट्सॲप' आपण व्ह-ने लिहितो आणि इंग्रजीत तिथे चंबूचा व आहे. यावर उपाय हातभर आरसा. पोरं आरशात बघून 'व्हेस्ट' आणि 'वेस्ट' म्हणतात, म्हणजे बंडी आणि पश्चिम. ओठाला दात लागला की नाही हे डोळ्यांना दिसतं, मी सांगायची गरज पडत नाही. दुसरी अडचण आखूड आणि लांब इ-ची. मराठी लिहिताना आपण ऱ्हस्व-दीर्घ काटेकोर पाळतो, बोलताना त्यावर फारसा अर्थ अवलंबून नसतो. इंग्रजीत जहाज 'शिप' आणि मेंढी 'शीप'. हे घासूनपुसून घ्यावंच लागतं. पण ही अडचण पुण्याच्या पोराला आहे तेवढीच आमच्या पोराला आहे, वऱ्हाडीशी तिचा संबंध नाही.

"इंग्रजीला नियम नाहीत." या वाक्याच्या पुराव्यादाखल त्या मजकुरात जुनाच दाखला दिला होता: जी-एच-ओ-टी-आय असं लिहून 'फिश' वाचता येतं म्हणे. 'इनफ'मधला जीएच, 'विमेन'मधला ओ आणि 'नेशन'मधला टीआय. हा दाखला नाटककार बर्नार्ड शॉ यांच्या नावावर फिरतो, पण शॉ जन्मायच्या आदल्या वर्षी, १८५५ मध्ये, प्रकाशक चार्ल्स ऑलियर यांनी कवी ली हंट यांना लिहिलेल्या पत्रात तो आहे. आणि तो नियम नसल्याचा पुरावा मुळीच नाही. इंग्रजीत शब्दाच्या सुरुवातीला जीएच कधीच फ होत नाही, तो ग होतो, 'घोस्ट'सारखा. टीआयचा श होतो तो पुढे आणखी स्वर असला तरच, शब्दाच्या शेवटी नाही. म्हणून कोणताही इंग्रज ते 'फिश' वाचणार नाही, 'गोटी' वाचेल. म्हणजे हा दाखला ज्या नियमांना नाही म्हणतो, तेच नियम तो मोडून दाखवतो.

विचित्रपणा आहे, पण त्याला कारण आहे. विल्यम कॅक्स्टन यांनी १४७६ मध्ये वेस्टमिन्स्टरला छापखाना घातला आणि पुढे छापील स्पेलिंग हळूहळू गोठत गेलं. नेमक्या त्याच शतकांत इंग्रजीचे लांब स्वर जागा बदलत होते. योद्धा या अर्थाच्या 'नाइट'मधला के आणि जीएच त्या काळच्या लोकांच्या तोंडात खरोखर होता. उच्चार पुढे गेला, अक्षरं तिथेच राहिली.

आणि जिथे नियम आहेत तिथे ते आमच्या पोरांना ओळखीचे वाटतात. 'कॅट'चं अनेकवचन करताना शेवटी स येतो, 'डॉग'चं करताना तोच स घोगरा होतो, 'बस'चं करताना मध्ये एक स्वर शिरतो. हे तिन्ही आधीच्या ध्वनीवरून ठरतं. मी फळ्यावर 'म्हैस' लिहिते आणि विचारते, दोन असल्या तर? "म्हशी." स-चा श कोणी करायला सांगितला? कोणीच नाही. पैसा म्हणतो आणि पैशाचा म्हणतो, तेही कोणी शिकवलं नाही.

वयाचं थोडक्यात. लहानपणी शिकलेल्यांचा हेल मूळ भाषिकांसारखा होण्याची शक्यता जास्त, हे खरं आहे. पण समजेल असं, स्वच्छ बोलणं वेगळं. त्याला सात वर्षांचं कुंपण नाही. जोसेफ कॉनरॅड पोलिश घरात वाढले, विशीत इंग्रजी शिकले आणि इंग्रजीतले मोठे कादंबरीकार झाले. त्यांचा पोलिश हेल शेवटपर्यंत गेला नाही.

"इंग्रजांसारखं" म्हणजे नक्की कोणासारखं, हेही कोणी सांगत नाही. इंग्लंडच्या उत्तरेत 'कप'ला 'कुप' म्हणतात. लंडनच्या पुस्तकी बोलीत 'कार'चा र ऐकू येत नाही, स्कॉटलंडमध्ये तो ठणठणीत ऐकू येतो, अमेरिकेतही येतो. आमचं पोर 'कार'चा र उच्चारतं तेव्हा ते चुकत नाही. ब्रिटिश भाषाशास्त्रज्ञ जेनिफर जेन्किन्स यांनी इंग्रजी मातृभाषा नसलेल्यांची आपसातली बोलणी तपासून २००० साली मांडलं की 'थिंक'चा जीभ दातांत धरून काढायचा ध्वनी न जमल्याने समजण्यात अडचण येत नाही. अडचण येते ती स्वर आखूड-लांब चुकल्याने, प-ट-कची हवा विसरल्याने, वाक्यातल्या महत्त्वाच्या शब्दावर जोर न दिल्याने. म्हणजे मेहनत शिप-शीपवर आणि कापसाच्या पुंजक्यावर करायची. 'थ'साठी पोराला वर्गासमोर उभं करून हसू करायचं नाही. मी स्वतः शाळेत असताना एका शिक्षकांनी माझं तसं केलं होतं आणि पुढची तीन वर्षं मी इंग्रजीच्या तासाला हात वर केला नाही.

घरात वऱ्हाडी बंद करायचं तर मग बोलायचं कशात? जी भाषा आईबापालाच येत नाही तीत? तसं केलं तर घर गप्प होईल, आणि गप्प घरातल्या पोराची जीभ कुठल्याच भाषेला वळायची नाही. चार आणि चारा, पळ आणि फळ, म्हैस आणि म्हशी, हे सगळं त्याला घरीच मिळालं आहे.

हे सगळं मी त्या पालकाला फाटकाशी एवढ्या तपशिलात सांगितलं नाही. म्हटलं, "भाऊ, घरी जसं बोलता तसंच बोला. उलट जास्त बोला." आणि कापसाची गोष्ट सांगितली. त्याने शर्टाच्या बाहीला चिकटलेलं पुंजकं काढून हातावर ठेवलं, तोंडाजवळ नेलं आणि म्हणाला, "पेन." हललं नाही. मी हवा कशी सोडायची ते दाखवलं. दुसऱ्यांदा ते उडून फाटकाच्या पलीकडे गेलं.