दुकानमालकाचं उत्तर: ‘१५० चे १४१ आले तरी पास?’

नमस्कार दादा. तुम्ही एक स्टार दिलात आणि लिहिलंत की कॅलिब्रेशनला (म्हणजे नॉबवरचा आकडा खऱ्या करंटशी ताडून पाहायला) दिलेल्या वेल्डिंग मशीनचा नॉब १५० वर असताना आमच्या मीटरने १४१ अँपिअर दाखवले, तरी कॅलिब्रेशनच्या कागदावर ‘पास’चा शिक्का मारून पैसे घेतले, घरी क्लॅम्प मीटर (केबलभोवती चिमट्यासारखं लावून करंट मोजतात ते) लावलं तर आकडाच येत नाही, आणि रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरात बोटीवर विंचची (दोर ओढायच्या यंत्राची) बैठक जोडताना आर्क, म्हणजे वेल्डिंगची ठिणगी, तुटतो.

आधी आमची चूक. कागद हातात देताना तो समजावून सांगायला हवा होता. काउंटरवरच्या मुलाने “पास आहे ना, मग झालं” म्हणून वाटेला लावलं, ते बरोबर नव्हतं.

पण १४१ चा आकडा खरा आहे आणि तो बदलून मिळणार नाही. कॅलिब्रेशन म्हणजे मशीनची दुरुस्ती नव्हे. तुमचं मशीन आपण लोड बँकेवर, म्हणजे आर्कऐवजी करंट घेणाऱ्या रेझिस्टन्सच्या पेटीवर, लावलं, १५० अँपिअरला २६ व्होल्ट पडतील असा रेझिस्टन्स ठेवला (पेटत्या आर्कवर काटा स्थिर राहत नाही, म्हणून) आणि तपासलेल्या मीटरशी ताडून पाहिलं. आयईसी ६०९७४-१४ या वेल्डिंग मशीन तपासण्याच्या आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणे साध्या श्रेणीच्या मशीनला, कमाल सेटिंगच्या पाव भागापासून वर, १० टक्क्यांपर्यंत फरक चालतो. तुमचा सहाच्या आसपास आहे. त्याबाहेर असता तर आतला प्रीसेट (जुळवणीचा छोटा स्क्रू) फिरवला असता आणि आधीचे-नंतरचे दोन्ही आकडे कागदावर लिहिले असते. तुम्हाला खरे १५० हवेत ना? नॉब १६० च्या जवळ ठेवा. कागद त्यासाठीच आहे.

क्लॅम्प मीटरचं म्हणाल तर तुमचं मशीन डीसी आहे. स्वस्तातले बहुतेक क्लॅम्प फक्त एसी मोजतात. त्यात मशीनचा दोष नाही.

आता आर्क. ही तक्रार मला खरी वाटते, पण ती नॉबची नाही. आमच्या टेबलावर केबल दोन हात लांब. तुमच्याकडे धक्क्यावरून बोटीपर्यंत जाऊन-येऊन ६० मीटर असेल, तर ३५ चौरस मिलिमीटरची चांगली तांब्याची केबलसुद्धा १५० अँपिअरला साडेचार व्होल्ट खाते. त्यात खाऱ्या हवेने हिरवे पडलेले लग (केबलच्या टोकाचे धातूचे जोड) आणि गंजलेल्या पत्र्यावर चावलेला अर्थिंगचा क्लॅम्प. दहा मिनिटं काम करून लगजवळ हाताच्या पाठीने अंदाज घ्या; जिथे चटका बसेल तिथे तुमचे व्होल्ट जातायत. शिवाय मशीनला येणारी वीज लांबच्या बारीक वायरवरून घेतली असेल, तर मशीनमधला इन्व्हर्टर तिथेच दमतो.

पैसे परत देणार नाही, काम झालेलं आहे. पण तुमच्याच केबलवर पुन्हा चाचणी विनामूल्य करून देतो. पावसाळी मासेमारीबंदी उठायच्या आत या, १ ऑगस्टनंतर तुम्हालाही वेळ नसतो. होल्डर, दोन्ही केबल्स आणि अर्थचा क्लॅम्प, आहे तसा न घासता आणा.