‘पाणिनीनं सगळं लिहून ठेवलंय’ म्हणणाऱ्या फॉरवर्डला

एक मजकूर सध्या बराच फिरतोय. आमच्या घरच्या ग्रुपवर तर तो दोनदा येऊन गेला, कारण भाचीनं भाषाविज्ञानात एमए करायचं ठरवलंय. मजकूर थोडक्यात असा: पाणिनीनं व्याकरण संपवलं, इंग्रजांच्या काळातल्या ग्रियर्सन नावाच्या अधिकाऱ्यानं बोली मोजल्या, उरलंसुरलं एआय करेल, आणि नोकरी तर नाहीच, मग या विषयात पीएचडी कशाला?

पाणिनीपासूनच धरू. सुमारे ४००० सूत्रांत त्यानं संस्कृत बांधली, तिथे हात जोडावेत. पण त्या सूत्रांचा अर्थ लावणं तरी कुठे संपलंय? दोन नियम एकाच वेळी लागू झाले तर कोणता चालवायचा, यासाठी ‘विप्रतिषेधे परं कार्यम्’ हे सूत्र आहे. ‘पर’ म्हणजे अष्टाध्यायीत, म्हणजे पाणिनीच्या या सूत्रग्रंथात, नंतर येणारा नियम, असा परंपरेचा अर्थ. केंब्रिजमध्ये पीएचडी करणाऱ्या ऋषी राजपोपट यांनी म्हटलं, नाही, ‘पर’ म्हणजे शब्दाच्या उजवीकडच्या भागाला लागणारा नियम. २०२२ च्या शेवटी त्याच्या बातम्या झाल्या. सगळ्या जाणकारांना ते पटलेलं नाही, पण वाद रंगलाय.

शिवाय पाणिनीनं मराठीचं व्याकरण लिहिलं नव्हतं. हे वाक्य बघा: ‘त्याने भाकरी खाल्ली आणि तो पाणी प्यायला.’ खाताना ‘त्याने’, पिताना ‘तो’! दोन्ही क्रियापदं सकर्मक, दोन्ही भूतकाळी. तो धडा शिकला, ती नाव विसरली, ही त्याच पंगतीतली. शाळेत ती अपवाद म्हणून पाठ करून घेतात. पण शिकणं, विसरणं, पिणं यांनीच ‘ने’ का नाकारावा, आणि खाण्यानं का स्वीकारावा? आता ‘तू पोळी खाल्लीस’ घ्या. ‘ली’ पोळीमुळे, ‘स’ तुझ्यामुळे. एका क्रियापदावर दोन मालक. एमपीएससीवाले लगेच या प्रयोगाचं नाव सांगतील, कर्तृकर्मसंकर. बरोबर, पण ते झालं बारसं. एक क्रियापद एका वेळी किती जणांचं ऐकू शकतं, यावर वाक्यविन्यासाचे अभ्यासक आजही भांडतात, आणि त्या भांडणात मराठीची साक्ष मोलाची आहे.

ग्रियर्सनची भारतातल्या भाषा-बोलींची पाहणी १८९४ ते १९२८ अशी चालली. पद्धत काय, तर बायबलमधली उधळ्या मुलाची गोष्ट ठिकठिकाणच्या बोलीत उतरवून मागवायची, सोबत एखादा स्थानिक उतारा आणि ठरावीक शब्द-वाक्यांची यादी. एवढ्यात मावेल तेवढीच बोली हाती लागणार. त्यातही निजामाचं हैदराबाद संस्थान पाहणीच्या कक्षेबाहेर होतं, म्हणजे मराठवाडा सुटलाच! बुलढाण्याच्या जळगाव जामोद भागातल्या निहाली या भाषेला ग्रियर्सननं मुंडा भाषाकुळात बसवलं. पुढच्या बऱ्याच अभ्यासकांना ती कुठल्याच कुळात बसेना. पुण्याच्या डेक्कन कॉलेजनं राज्य मराठी विकास संस्थेच्या साहाय्यानं मराठी बोलींचं नवं सर्वेक्षण हाती घेतलं, ते गावोगावी माणसांचं बोलणं ध्वनिमुद्रित करून. असल्या कामात पायपीट करतात ती एमए-पीएचडीची मुलं.

एआयचं मी घरीच करून पाहिलं. अकोल्याच्या मावशीला बोलायला लावलं आणि फोनमधल्या एका अ‍ॅपला ते लिहून काढायला सांगितलं. मावशी म्हणाली, ‘मले नाई पायजे.’ पडद्यावर उमटलं, ‘मला नाही पाहिजे.’ अर्थ चोख. फक्त मावशी गायब! बोलीच्या अभ्यासकाला तो ‘मले’च तर टिपायचा असतो, आणि यंत्रानं तो चूक समजून दुरुस्त केला. ‘मले’ ओळखणारं यंत्र हवं असेल, तर आधी कुणीतरी तासन्‌तास ऐकून एकेक उच्चार जसाच्या तसा उतरवून द्यायला हवा. ते काम किती कंटाळवाणं असतं, हे तो मजकूर लिहिणाऱ्यानं दहा मिनिटं करून बघावं.

राहिली नोकरी. इथे मजकुराशी माझं भांडण नाही. महाराष्ट्रात भाषाविज्ञान शिकवणारे विभाग मोजकेच, त्यामुळे प्राध्यापकीच्या जागाही मोजक्याच. भाषातंत्रज्ञानात आणि कोशांच्या कामात काही जण रुळतात, पण ते सगळ्यांना जमेल असं नाही. भाचीला मी हे सांगितलंय. तिनं फॉर्म भरलाय, आणि मावशीच्या रेकॉर्डिंगची फाइल माझ्याकडून मागून घेतलीय.