फाशी यार्डातली वाट

आज सकाळी डिचोलीहून पणजीला येताना बसमध्ये फाशीच्या एका बातमीवर चर्चा चालली होती. "इतकी वर्षे फुकट पोसण्यापेक्षा निकालाच्या दुसऱ्याच दिवशी लटकवायचे होते," असे एक वयस्क गृहस्थ म्हणाले आणि अर्धी बस हसली. मी गप्प राहिलो, याचे दिवसभर वाईट वाटते आहे.

माझे वडील तारवटी, म्हणजे जहाजावरचे खलाशी होते. मी सात वर्षांचा असताना त्यांच्या जहाजाचा नऊ दिवस काहीच ठावठिकाणा नव्हता. पोस्टमनच्या सायकलची घंटा वाजली की आई हातातला घास तसाच ताटात ठेवायची. ज्यांच्या घरचे कोणी जहाजावर आहे, त्यांना याहून अधिक सांगायला नको.

ते नऊ दिवस होते. फाशीचा कैदी तीच घंटा वर्षानुवर्षे ऐकतो: सत्र न्यायालयाचा निकाल, उच्च न्यायालयाचे शिक्कामोर्तब, सर्वोच्च न्यायालय, पुनर्विलोकन आणि शेवटी राष्ट्रपतींकडे दयेचा अर्ज. मुख्यतः या अर्जांवरील अक्षम्य विलंबामुळे सर्वोच्च न्यायालयाने 2014 मध्ये एकाच निकालात पंधरा जणांची फाशी जन्मठेपेत बदलली, कारण ती वाट पाहणे हाच छळ आहे, हे न्यायालयालाही पटले.

बळी गेलेल्यांची घरेही वाट पाहत असतात, हे मान्य आहे. त्यांच्यापुढे बोलायला मला तोंड नाही. पण बसमध्ये हसणारे त्या घरांतले नव्हते!

नाशिक जिल्ह्यातल्या 2003 च्या एका खटल्यात सहा जणांना 2009 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेच फाशीची शिक्षा सुनावली होती आणि त्याच न्यायालयाने 2019 मध्ये त्या सहाही जणांना निर्दोष सोडून प्रत्येकी पाच लाख रुपये भरपाई द्यायला लावली. दुसऱ्या दिवशी लटकवले असते, तर ते पाच लाख कोणाच्या हातात ठेवले असते? घाई केली तर निरपराध मरतो आणि सावकाश गेले तर माणूस रोज थोडा मरतो, म्हणून मला ही शिक्षाच नको आहे. ज्या पोर्तुगिजांचे नाव काढले की आजही आपले रक्त तापते, त्यांनीसुद्धा 1867 मध्ये स्वतःच्या देशात नागरी गुन्ह्यांसाठीची फाशी बंद केली होती; लिहायला जड जाते, पण खरे आहे.

दहाव्या दिवशी वडिलांची तार आली. पुढे ते निवृत्त होऊन बाल्कांवावर, म्हणजे घराच्या दर्शनी ओट्यावर, बसलेले असायचे, तरी सायकलची घंटा ऐकली की आई दचकायची.

उद्या त्याच बसने जाणार आहे. ते गृहस्थ भेटले, तर त्यांच्या शेजारी बसून नाशिकच्या त्या सहा जणांची हकीकत त्यांना सांगेन.