पैसे आपले, उठाठेव त्यांची!

अमेरिकेचा पासपोर्ट घेऊन लिस्बनला राहा नाहीतर बाणेरला, अमेरिकेचा टॅक्स रिटर्न भराच. वर तो एफबार, म्हणजे अमेरिकेबाहेरच्या खात्यांचा तिथल्या सरकारला द्यायचा अहवाल! परदेशातल्या खात्यांची बेरीज १०,००० डॉलरच्या वर गेली, की हा अहवाल, म्हणजेच फॉर्म ११४, भरा. आणि बेरीज कसली, तर प्रत्येक खात्याचा वर्षातला सर्वांत मोठा आकडा. बचत खात्यातले ६,००० डॉलर काढून एफडी केली, की यांच्या लेखी झाले १२,०००! रुपयांचे डॉलर करायचे ते ट्रेझरीच्या, म्हणजे अमेरिकी अर्थखात्याच्या, ३१ डिसेंबरच्या दराने. आईच्या खात्यावर नुसता सहीचा अधिकार? तेही धरा. फॉर्म रिटर्नसोबत जात नाही, त्याच अर्थखात्याच्या फिनसेन विभागाकडे वेगळा भरा. कर शून्य निघाला तरी हे चुकत नाहीच. १५ एप्रिल हुकली तर ऑक्टोबरपर्यंत आपोआप मुदत, तेवढीच काय ती दया!