टेनिसमुळे मुलींना मूल होत नाही, असे सांगणाऱ्या संदेशाला उत्तर

टेनिस हा गोऱ्या मडमांचा खेळ आहे, आपल्या घरंदाज बायका तो कधी खेळल्याच नाहीत, सानिया मिर्झाच्या नादाने हे खूळ खेड्यापर्यंत आले, टेनिसमध्ये बायकांना पुरुषांइतके बक्षीस निव्वळ दयेपोटी मिळते, मैदानावर पाणी आणि पैसा वाया जातो, आणि या खेळातल्या उड्यांनी व धावपळीने कोवळ्या मुलींचे गर्भाशय जागचे सरकून पुढे त्यांना मूल होत नाही, असे सांगणारा एक लांबलचक संदेश सध्या आमच्या तालुक्यात गावोगावच्या व्हॉट्सॲप गटांवर फिरत आहे. शेवटी ‘डॉक्टरांनी सांगितलेले सत्य’ असे लिहिले आहे. कोणत्या डॉक्टरांनी, कुठे आणि केव्हा सांगितले याचा पत्ता नाही. शाळेच्या मैदानालगतच्या जुन्या मुरमाच्या कोर्टावर संध्याकाळी काही बायका आणि मुली खेळू लागल्यापासून या संदेशाला जोर चढला आहे. आठवीत शिकणाऱ्या माझ्या भाचीचे खेळणे त्यानेच बंद पाडले. “पोरीच्या जातीले कायले पाह्यजे हे? उद्या काई झालं त कोन निस्तरन?” असे वहिनी म्हणाली. तिची काळजी मनापासूनची आहे, आणि म्हणूनच एका आईच्या मनात अशी भीती घालणाऱ्यांचा मला संताप येतो.

गर्भाशयाचा मुद्दा सर्वांत घातक असल्यामुळे तो आधी घेते. गर्भाशय ओटीपोटात मोकळे लोंबकळत नसते. मजबूत बंधांनी आणि ओटीपोटाच्या तळाशी असलेल्या स्नायूंनी ते धरून ठेवलेले असते. आपल्याकडे ज्याला ‘अंग बाहेर येणे’ म्हणतात तो त्रास खरा आहे, पण त्याची कारणे वेगळी आहेत: पाठोपाठची बाळंतपणे, अवघड प्रसूतीत झालेली इजा, वर्षानुवर्षे जड ओझी उचलणे, जुनाट खोकला किंवा बद्धकोष्ठ, आणि पाळी गेल्यानंतर सैल पडणारे स्नायू. यांतले एकही कारण तेरा वर्षांच्या मुलीने हातात रॅकेट घेतल्याने निर्माण होत नाही. याच तालुक्यात बाया कापसाच्या हंगामात कमरेला ओटी बांधून दिवसभर वाकून वेचणी करतात आणि संध्याकाळी कापसाचे गाठोडे डोक्यावर घेऊन घराकडे निघतात. बाळंतपणाला दोन महिने झाले न झाले तोच कामावर आलेल्या बाया मी पाहिल्या आहेत. त्यांच्या गर्भाशयाची काळजी करणारा संदेश या गटांवर मला एकदाही दिसला नाही. ओझ्याबद्दल अवाक्षर न काढता खेळाला दोष देणे म्हणजे चोर सोडून संन्याशाला फाशी देणे होय.

ही समजूत आपल्या परंपरेतून आलेली आहे असाही संदेशाचा आव आहे. प्रत्यक्षात धावण्या-खेळण्याने स्त्रीची जननशक्ती खर्च होते, हे मत एकोणिसाव्या शतकात युरोप-अमेरिकेतल्या डॉक्टरांनी मोठ्या हिरिरीने मांडले होते. १९२८ च्या अ‍ॅमस्टरडॅम ऑलिंपिकमध्ये ८०० मीटरच्या शर्यतीनंतर धावपटू बायका कोसळल्याच्या अतिरंजित बातम्या छापून आल्या आणि ती शर्यत स्त्रियांसाठी थेट १९६० पर्यंत बंद राहिली. म्हणजे मडमांच्या खेळाला विरोध करणारा हा संदेश मडमांच्याच देशातले, तिथेही कधीच टाकून दिलेले मत आपल्याला संस्कृती म्हणून विकत आहे.

दाखले हवेच असतील तर टेनिसमध्येच आहेत. मार्गारेट कोर्ट यांना १९७२ मध्ये पहिले मूल झाले आणि पुढच्याच वर्षी त्यांनी ग्रँड स्लॅम म्हणजे टेनिसच्या चार सर्वांत मोठ्या स्पर्धांपैकी तीन एकेरीत जिंकल्या. इव्हॉन गुलागाँग यांनी १९८० चे विम्बल्डन जिंकले तेव्हा त्या आई होत्या. सेरेना विल्यम्स यांनी २०१७ ची ऑस्ट्रेलियन ओपन जिंकली ती पोटात बाळ असताना. ज्या सानिया मिर्झाच्या नावाने बोटे मोडली जातात, तिला २०१८ मध्ये मुलगा झाला आणि जानेवारी २०२० मध्ये ऑस्ट्रेलियात होबार्टला दुहेरीचे विजेतेपद मिळवून ती खेळात परतली.

एक गोष्ट मात्र मान्य करावी लागेल. फार कठोर सराव करणाऱ्या मुलींना पुरेसे खायला मिळाले नाही, तर त्यांची पाळी अनियमित होते किंवा थांबते, हे खरे आहे. त्यावरचा उपाय पोटभर जेवण, विश्रांती आणि गरज पडल्यास डॉक्टरांचा सल्ला हा आहे. संध्याकाळी तासभर खेळणाऱ्या मुलीला त्यासाठी घरी बसवण्याचे कारण नाही. तिच्या ताटात भाकरीबरोबर वरण, अंडे, शेंगदाणे आहेत की नाही, हे पाहावे.

आता ‘आपल्या घरंदाज बायका’. लॉन टेनिस इंग्लंडातून आले, विंगफील्ड नावाच्या ब्रिटिश लष्करी अधिकाऱ्याने १८७४ मध्ये त्याचे पेटंट घेतले, हे कोणी नाकारत नाही. पण तो खेळ आपल्या बायकांनी लवकरच हाती घेतला. संस्कृत पंडित शंकर पांडुरंग पंडित यांची कन्या पंडिता क्षमा राव, जिने गांधीजींच्या लढ्यावर ‘सत्याग्रहगीता’ हे संस्कृत काव्य लिहिले, ती टेनिस खेळत असे. तिची मुलगी लीला राव हिने १९३४ मध्ये विम्बल्डनच्या पहिल्या फेरीत ग्लॅडिस साउथवेल यांना हरवले, आणि विम्बल्डनमध्ये सामना जिंकणारी ती पहिली भारतीय स्त्री ठरली. स्पर्धेच्या नोंदींत हा निकाल आहे. कोणीही पडताळून पाहावा. संस्कृत काव्य रचणारी मराठी आई आणि विम्बल्डनला जिंकणारी लेक यांच्यापेक्षा घरंदाज आणखी कोण हवे? दोराबजी टाटांच्या पत्नी मेहेरबाई तर साडी नेसूनच टेनिस खेळत, त्यामुळे पोशाखाचा बाऊही टिकत नाही. आणि परका खेळ म्हणाल, तर अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या चमूने १९३६ मध्ये बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी आपल्या कबड्डीचे प्रात्यक्षिक दाखवले; खेळ असेच एका देशातून दुसऱ्या देशात जातात.

सानियापासून सारे सुरू झाले हेही चूक आहे. रीटा दावर १९५२ मध्ये विम्बल्डनच्या मुलींच्या गटात अंतिम फेरीपर्यंत पोहोचली होती, निरुपमा मंकड सत्तरच्या दशकात खेळत होत्या, आणि १९९८ मध्ये निरुपमा वैद्यनाथन हिने ऑस्ट्रेलियन ओपनच्या मुख्य फेरीत एकेरीचा सामना जिंकला. बक्षिसांची दया तर कोणी केलीच नाही. पुरुषांपेक्षा फार कमी बक्षीस मिळते म्हणून १९७० मध्ये अमेरिकेच्या बिली जीन किंगसह नऊ स्त्री खेळाडूंनी एकेका डॉलरचा नाममात्र करार करून बायकांच्या वेगळ्या स्पर्धांची वाट धरली, १९७३ मध्ये अमेरिकन ओपनने समान बक्षीस दिले, आणि विम्बल्डनला त्यासाठी २००७ उजाडावे लागले.

राहिला पैसा आणि पाणी. येथे संदेशात अर्धे सत्य आहे. वर सांगितलेल्या पूर्वीच्या बायका खात्यापित्या घरच्या होत्या. त्या काळी वेचणी करणाऱ्या बाईच्या हातात रॅकेट आली असेल असे मला वाटत नाही. चांगली रॅकेट आजही महाग आहे, चेंडूची उसळी लवकर मरते, आणि मुरमाच्या कोर्टावर पाणी शिंपडून रोलर फिरवावाच लागतो. गावात टँकर येत असताना कोर्टावर पाणी मारणे मलाही पटणार नाही; तेवढे दोन महिने कोर्ट बंद ठेवावे. रॅकेटी शाळेच्या कपाटात ठेवून मुलींनी आळीपाळीने वापराव्यात. पण या संदेशाच्या आधारे मुलींची संध्याकाळची वेळ काढून घेण्याचा जो प्रस्ताव शाळा समितीपुढे आला आहे, तो समितीने फेटाळावा, आणि ज्यांना शंका असेल त्यांनी ग्रामीण रुग्णालयातील स्त्रीरोगतज्ज्ञांना बैठकीला बोलावून सर्व आयांसमोर विचारावे.