दोन पानं एकदम

माझी आजी गोष्ट अंधारात सांगायची. वातावरणनिर्मिती वगैरे काही नाही. दिवसभराच्या कामाने तिची पाठ धरलेली असायची आणि दिवा मालवला की पोरं गप पडतात, एवढाच हिशोब. त्या अंधाराचा खरा फायदा मला आता चाळिशीत कळतोय. अंधारात पुरावा नसतो. म्हातारी लेकीकडे निघाली, वाटेत वाघ भेटला, असं म्हणता म्हणता आजीला डुलकी लागली, तर पुढचा कोल्हा परस्पर गळायचा. आम्हाला पत्ताही नसायचा.

माझ्या नशिबी रंगीत चित्रांची पुस्तकं आली. गुळगुळीत कागद, पानभर चित्र, खाली मोजून दोन ओळी. आणि कुशीत चार वर्षांची कन्या. तिला अजून 'घ' आणि 'ध' यांतला फरक कळत नाही. पण कोल्ह्याच्या शेपटीवर फुलपाखरू कुठल्या पानावर बसलंय, हे तोंडपाठ आहे.

रात्रीचे साडेदहा. मी जांभई देत सफाईने पान उलटलं.

"बाबा, फुलपाखरू?"

"कुठलं गं?"

"कोल्ह्याचं. तू दोन पानं एकदम उलटलीस."

"चिकटली असतील."

"मग थुंकी लाव."

लावली. काय करणार!

त्यात 'चल रे भोपळ्या टुणुक टुणुक' म्हणजे तर उलटतपासणीच. आजीच्या गोष्टीत म्हातारी भोपळ्यात बसायची म्हणजे बसायची. आमच्या पुस्तकातल्या चित्रकाराने मात्र म्हातारी दिसावी म्हणून भोपळ्याला ऐसपैस खिडकी कापली आहे. खिडकीतून तिचा अंबाडा, नथ, चष्मा, सगळं बाहेर. दीड वितीवर वाघ उभा. आणि तो विचारतोय, "भोपळ्या, भोपळ्या, म्हातारीला पाहिलंस का?" त्यावर आतून उत्तर, "म्हातारी-बितारी मी नाही जाणत!"

"वाघाला ती दिसत नाही?"

"त्याला लांबचं दिसत नाही," मी ठोकून दिलं.

"ती जवळ आहे."

"मग जवळचं दिसत नाही."

"मग चष्मा वाघाला का नाही दिला?"

हीच म्हातारी बंगालीत दुध्या भोपळ्यात बसून गडगडत येते. इराणमध्येही ती भोपळ्यातूनच लांडगा, बिबट्या आणि सिंहाला चकवते. तिकडच्या बापांनी या खिडकीचं काय केलं, एवढं कुणीतरी मला विचारून सांगा.

चिऊताई तशी सोपी वाटली होती. कावळ्याचं घर शेणाचं, चिमणीचं मेणाचं, पाऊस आला, "चिऊताई, चिऊताई, दार उघड." आमच्या आजीची चिऊ शेवटी कावळ्याला आत घ्यायची आणि ऊब घ्यायला तापलेल्या तव्यावर बसवायची. चर्रकन आवाजही आजी काढायची आणि आम्ही खिदळत झोपी जायचो. आमच्या पुस्तकातली चिऊ त्याला पंचा आणि आल्याचा चहा देते. मी सवयीने 'तवा' म्हणून गेलो. कन्येने चित्र नीट न्याहाळलं, कपावर बोट ठेवलं आणि म्हणाली, "याला तवा म्हणतात?" गोष्ट जुनी किती, तर १३व्या शतकातल्या लीळाचरित्रात ती सापडते. तिथे चिमणीच्या जागी साळै नावाचं पाखरू आहे. घरं मात्र तीच, शेणाचं आणि मेणाचं. म्हणजे सातशे वर्षं तो कावळा दाराशी भिजतोय आणि चहा त्याला आत्ता परवा मिळाला.

या लबाडीचं बाळकडू आपणच पाजतोय, हे एका सोमवारी सकाळी लक्षात आलं. बाथरूमला आतून कडी. बाहेर मी, खांद्यावर टॉवेल, ऑफिसची गाडी चुकायला वीस मिनिटं.

"दार उघड गं!"

"थांब, माझ्या बाळाला न्हाऊ घालते."

"आता?"

"थांब, माझ्या बाळाला तीट लावते."

बाळ म्हणजे प्लास्टिकचं बदक. त्याला तीट, काजळ, पावडर, सगळं यथासांग झालं. मी दाराबाहेर भिजायचाच काय तो बाकी होतो.

माकड आणि मगरीची गोष्ट वाचली तेव्हा तरी मी सावध व्हायला हवं होतं. पंचतंत्राच्या चौथ्या तंत्राची ही मुख्य कथा. त्या तंत्राचं नाव लब्धप्रणाश, म्हणजे हाती आलेलं घालवणं. भर पाण्यात माकड म्हणतं, माझं काळीज जांभळाच्या झाडावर राहिलं. कन्येने झाडाच्या चित्रात काळीज शोधायला पाव तास घेतला. एक लाल ठिपका सापडला. तो पोपटाची चोच निघाला.

"म्हणजे माकड खोटं बोललं."

"अगं, मगर त्याला खायला निघाली होती. जिवावर बेतलं की चालतं."

पुढच्याच आठवड्यात बूस्टरची लस होती. डॉक्टरांनी बाही वर करायला सांगितली.

"माझा दंड घरी राहिला," कन्या शांतपणे म्हणाली.

"घरी कुठे?"

"झाडावर."

आम्ही चौथ्या मजल्यावर राहतो. डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं, मी भिंतीवरच्या जिराफाकडे. मग ते म्हणाले, "असू दे, मांडी आणलीयस ना?" घरी येईपर्यंत ती माझ्याशी एक शब्द बोलली नाही.

काल रात्री पुस्तक उघडलं आणि लाइट गेली. मला आनंद लपवता येईना. मोबाइलची बॅटरी संपल्याचंही मी लगोलग जाहीर केलं. अंधारात आजीच्या थाटात सुरुवात केली आणि दीड मिनिटात म्हातारी लेकीकडे जाऊन, लठ्ठ होऊन, टुणुक टुणुक घरी. कोल्हा गाळला, वाघ एका वाक्यात आटोपला. शेजारून चकार शब्द नाही. श्वास संथ. जिंकलो, म्हणत मी हळूच कूस वळलो.

"बाबा."

"काय गं?"

"फुलपाखराच्या पानात मी बोट घालून ठेवलंय. लाइट आली की तिथून."